सतरा कसोट्या आणि एक घर

पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गाजवळ माझ्या चुलत भावाचे छोटे दुकान आहे. टाळ, तुळशीच्या माळा, बुक्का, अष्टगंध असा सगळा माल. दुकानामागेच घर. आषाढीला घरातल्या दोन खोल्या वारकऱ्यांना दिल्या जातात आणि घरची सहा माणसे स्वयंपाकघरात झोपतात. भावाचा धाकटा मुलगा दीड वर्षाचा असताना मी तिथे चार दिवस राहिले होते. गिऱ्हाईक टाळ वाजवून पाहू लागले की तो मान वळवी, हसे आणि टाळ्या वाजवू लागे. ‘‘बघ, भजनी निघणार पोरगं,’’ काकू म्हणे. त्याच सुमारास झालेल्या एका तपासणीत त्याच्या आईला विचारले गेले, ‘‘आवाजाकडे वळतो का?’’ तिने ‘वळतो की’ असे उत्तर दिले. ते खरेच होते. कागदावर बरोबरची खूण झाली.

सव्वातीन वर्षांचा झाला तरी मुलगा ‘आई’ आणि ‘बा’ यांच्यापलीकडे बोलेना. ‘‘त्याचा बापबी उशिरा बोलला,’’ असे म्हणत आणखी काही महिने गेले. शेवटी कानाची रीतसर तपासणी झाली तेव्हा दोन्ही कानांत साधारण ६० डेसिबलचा श्रवणदोष निघाला. तो बहुधा जन्मापासूनचा होता. तपासणीच्या कागदाला मी काय दोष देणार? मी विज्ञानात डॉक्टरेट मिळवलेली बाई. चार दिवस त्या मुलाला मांडीवर घेऊन बसले होते आणि टाळाकडे वळणारी मान पाहून मीही कौतुकाने हसले होते.

मोजमाप हा माझा रोजचा व्यवसाय आहे. प्रयोगशाळेतले एखादे उपकरण दुसऱ्या गावी नेले तर तिथल्या हवामानात ते बरोबर मोजते का, हे आधी पडताळावे लागते. लहान मुलांचा विकास मोजणारी उपकरणे एका देशातून दुसऱ्या देशात, एका घरातून दुसऱ्या घरात जातात तेव्हा हे पडताळणे कितपत होते? या प्रश्नासाठी मी एक तक्ता समोर घेतला. तो आपल्याकडचा, साधा आणि प्रामाणिकपणे तयार केलेला आहे, म्हणूनच निवडला. वाईट गोष्टीवर टीका करून फारसे शिकायला मिळत नाही.

तक्ता कुठून आला

तिरुवनंतपुरम येथील बालविकास केंद्रात डॉ. एम. के. सी. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला हा तक्ता १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘त्रिवेंद्रम विकास चाळणी तक्ता’ असे त्याचे नाव मराठीत सांगता येईल. जन्मापासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्यात फक्त १७ कसोट्या आहेत. प्रत्येक कसोटीपुढे एक आडवी पट्टी असते. शंभरातली तीन मुले ती गोष्ट ज्या वयात करू लागतात तिथे पट्टी सुरू होते आणि सत्त्याण्णव मुले करू लागतात तिथे संपते. मुलाच्या वयावर एक उभी पट्टी किंवा पेन्सिल धरायची. तिच्या डावीकडे संपलेली एखादी कसोटी मुलाला जमत नसेल तर त्याला पुढच्या तपासणीला पाठवायचे. पाच-सात मिनिटांचे काम. अंगणवाडीताईंना थोड्या प्रशिक्षणानंतर ते करता येते.

या कसोट्यांची वंशावळ पाहण्यासारखी आहे. नॅन्सी बेली या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियात अनेक वर्षे तान्ह्या मुलांच्या विकासाचा अभ्यास केला. त्यातून निघालेल्या मापनश्रेणीवरून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांसाठी वयोमाने ठरवली. त्या श्रेणीत हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक विकासाच्या १६३ कसोट्या आहेत. बडोद्याच्या या संचातून निवडलेल्या १७ कसोट्या तिरुवनंतपुरमच्या तक्त्यात आल्या. म्हणजे कॅलिफोर्निया, बडोदे, तिरुवनंतपुरम आणि मग देशभर, असा हा प्रवास. वाटेत वयाचे आकडे भारतीय झाले, हे मोठेच काम. कृती मात्र बऱ्याचशा मूळच्याच राहिल्या.

यादीतल्या काही कसोट्या पाहा. नजर पेनाच्या मागे आडवी फिरते. घंटा किंवा खुळखुळ्याच्या आवाजाकडे मान वळते. फर्निचर धरून उभे राहते. ‘पॅट-अ-केक’ खेळते. चेंडू फेकते. दोन शब्द बोलते. आधाराने जिना चढते. बाहुलीचे तीन अवयव दाखवते.

आता ही यादी घेऊन पंढरपूर तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर जाऊ. घरात फर्निचर म्हणावे असे काही नाही. पोर उभे राहते ते दाराची चौकट, धान्याची कोठी किंवा आजीचे गुडघे धरून. जिना नाही, उंबरठा आणि ओटा आहे. बाहुली नाही, पण लहान भावंड आहे. ‘पॅट-अ-केक’ हे इंग्रजी बालगीतावर टाळ्या वाजवण्याचे खेळणे आमच्याकडे कोणी खेळत नाही. आमचे मूल ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हटले की टाळ्या वाजवते.

‘मग त्यात काय, फर्निचरच्या जागी चौकट म्हणा, जिन्याच्या जागी ओटा म्हणा, झाले!’ असे आपल्याला वाटेल. मलाही आधी तसेच वाटले होते.

कसोटीचे तीन भाग

कोणत्याही कसोटीत तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. पहिली, आपल्याला जे कौशल्य जाणून घ्यायचे आहे ते. दुसरी, ते दिसावे म्हणून करायला सांगितलेली कृती. तिसरी, ती कृती जमण्याचे वय.

‘फर्निचर धरून उभे राहणे’ या कसोटीत कौशल्य आहे पायांवर भार पेलण्याचे आणि स्वतःला वर ओढण्याचे. फर्निचर ही फक्त कृतीची सोय. पण चौकट उभी, गुळगुळीत आणि मुठीत न मावणारी असते. ती धरून उठणे पलंगाची कड धरून उठण्यापेक्षा अवघड असेल. उलट आजीचे गुडघे पोराला मदत करतात. आजीच्या नकळत तिचा हात पोराच्या बगलेत जातो. म्हणजे कृती बदलली की अवघडपणा बदलतो आणि अवघडपणा बदलला की वयाचा आकडा लागू पडत नाही. घाटाची उंच दगडी पायरी आणि शाळेच्या जिन्याची पायरी यांना एकच वय कसे लावणार?

म्हणून भाषांतर म्हणजे रूपांतर नव्हे. नवी कृती शेकडो मुलांवर करून पाहावी लागते आणि तिचे वय नव्याने ठरवावे लागते. हे कष्टाचे, कंटाळवाणे आणि खर्चाचे काम आहे. ‘सांस्कृतिक संवेदनशीलता’ या भारदस्त शब्दाखाली आपण पुष्कळदा हे काम टाळतो. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर नऊवारीतली आई छापली, बाहुलीला ‘ठकी’ म्हटले की झाली संवेदनशीलता! आतले प्रश्न तेच आणि आकडेही तेच.

टाळ आणि बोलणे

आता आमच्या घरातल्या मुलाकडे परत येऊ. त्याच्या बाबतीत फसगत झाली ती उलट्या दिशेने. तिथे कृती आमच्या संस्कृतीत अगदी चपखल बसली होती. खुळखुळ्याच्या जागी टाळ! आणि तिथेच घोटाळा झाला.

दोन माणसे हातभर अंतरावरून बोलत असतील तर आवाजाची पातळी साधारण ६० डेसिबल असते. ज्याला ६० डेसिबलच्या खालचे ऐकू येत नाही त्याला हे बोलणे जेमतेम कानावर पडते किंवा पडतच नाही. पितळी टाळाचा जवळून होणारा खणखणाट याच्या कितीतरी वर असतो. तो त्याला ऐकू येतोच. पखवाजाची थाप तर कानाने ऐकली नाही तरी जमिनीतून, पोटातून जाणवते. शिवाय टाळ वाजवणाऱ्याचे हात हलताना दिसतात. मूल आवाजाकडे वळले की हालचालीकडे, हे बघणाऱ्याला सांगता येत नाही.

बोलण्यातले सगळे आवाजही सारखे नसतात. ‘आ’, ‘ओ’ यांसारखे स्वर खालच्या कंप्रतेचे आणि जोरकस असतात. ‘स’, ‘श’ यांची ऊर्जा काही हजार हर्ट्झवर असते आणि ती क्षीण असते. मराठीत ‘घरात’, ‘घराचा’, ‘घराशी’ यांतला फरक अशाच दुबळ्या व्यंजनांवर उभा आहे. ज्याला ‘घरा’ एवढेच ऐकू येते त्याला शब्द अर्धा आणि व्याकरण शून्य मिळते. ‘आई’ आणि ‘बा’ हेच दोन शब्द त्या मुलाने का उचलले, हे मला नंतर कळले. जवळून, जोराने आणि स्वर लांबवून त्याला ऐकू येणारे शब्द तेवढेच असावेत.

तिरुवनंतपुरमच्या तक्त्यात सतरापैकी ऐकण्याची थेट कसोटी एकच आहे आणि बोलण्या-समजण्याशी सरळ संबंध असणाऱ्या दोन. बाकीच्या बहुतेक हात, पाय, मान यांच्या. तक्ता छोटा ठेवायचा तर हे होणारच. पण पायांनी वेळेवर चालणारे, हसरे, टाळ्या वाजवणारे बहिरे मूल अशा तक्त्यातून सहज पुढे सरकते, हे वापरणाऱ्याला माहीत असले पाहिजे. श्रवणदोष शोधण्याचा खरा मार्ग वेगळा आहे. निरोगी आतला कान स्वतःही अतिसूक्ष्म ध्वनी बाहेर टाकतो, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवले. त्यावर आधारलेली तपासणी बाळ झोपेत असताना कानात छोटी कळी ठेवून काही मिनिटांत होते. तिला टाळ लागत नाही, आईचे उत्तर लागत नाही आणि भाषाही लागत नाही.

आणि वेळ महत्त्वाची. अमेरिकेतल्या कोलोराडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्या मुलांचा श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला आणि मदत सुरू झाली त्यांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. म्हणून आज ‘१-३-६’ असा संकेत आहे. एका महिन्याच्या आत चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत मदत. आमचे निदान झाले तेव्हा मुलाने एकोणचाळीस महिने ओलांडले होते.

किती मुले निसटतात

कोणतीही चाळणी काही खडे खाली सोडते आणि काही चांगले दाणे वर अडवते. तिरुवनंतपुरमच्या तक्त्याची तुलना डेन्व्हरच्या प्रसिद्ध चाचणीशी केली गेली तेव्हा तक्त्याची संवेदनक्षमता ६६.७ टक्के आणि विशिष्टता ७८.८ टक्के आढळली. या शब्दांचा अर्थ वर्गात गणित म्हणून सोडवून घेता येईल.

समजा १००० मुले आहेत आणि त्यांपैकी ५० मुलांच्या विकासात खरोखर अडचण आहे. (५० हा आकडा उदाहरणासाठी घेतला आहे.) तक्ता या पन्नासांतली सुमारे ३३ ओळखेल आणि १७ मुलांना ‘ठीक’ म्हणून घरी पाठवेल. उरलेल्या ९५० मुलांपैकी सुमारे ७४९ मुलांना तो बरोबर ‘ठीक’ म्हणेल आणि २०१ मुलांना उगाच पुढच्या तपासणीला धाडेल. म्हणजे पुढे पाठवलेल्या २३४ मुलांत खरी अडचण असलेली ३३.

आता या २०१ कुटुंबांचा विचार करा. पंढरपूरहून सोलापूर ७० किलोमीटरच्या पुढे. एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते, शेजारी विचारतात ‘काय झालं लेकराला?’ आणि सासू सुनेकडे पाहते. तिकडे कळते की मूल ठीक आहे. पुढच्या वेळी अंगणवाडीताईंनी सांगितले तर ती आई जाईल का? आणि त्या १७ मुलांच्या आयांकडे तर कागदावर बरोबरची खूण आहे. त्यांची शंका कागदाने मिटवली. या दुसऱ्या चुकीची किंमत अधिक मोठी आहे, कारण ती वेळात मोजली जाते.

संस्कृती कुठे असते आणि कुठे नसते

इथवर वाचून आपण म्हणाल, प्रत्येक गावाला, प्रत्येक जातीला वेगळा तक्ता हवा की काय? याचे उत्तर मतांवर सोडू नये. मोजून पाहावे. सुदैवाने काही जणांनी ते पाहिले आहे.

हालचालींवर संगोपनाचा परिणाम होतो. केनियातल्या किप्सिगिस लोकांत आया बाळाला बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवतात. ती मुले लवकर बसतात, लवकर चालतात. पण जे शिकवले जात नाही त्या रांगण्यात पुढे नसतात. हे चार्ल्स सुपर यांनी १९७६ मध्ये दाखवले. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांवरून हालचालींच्या टप्प्यांची वये प्रसिद्ध केली. आधाराशिवाय चालण्याची खिडकी ८.२ ते १७.६ महिने एवढी रुंद निघाली. शंभरातल्या सुमारे चार मुलांनी हात-गुडघ्यांवर रांगण्याचा टप्पा दाखवलाच नाही. शेजारणीचे पोर दहाव्या महिन्यात चालते म्हणून घाबरायचे कारण नाही. पण अठरा महिने उलटल्यावर ‘चालेल की’ म्हणायलाही आधार नाही.

आमच्या प्रश्नाला सगळ्यांत उपयोगी पडणारा अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आला. तुर्कस्तानातल्या अंकारा येथील डॉ. इल्गी एर्तेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्जेंटिना, भारत, दक्षिण आफ्रिका व तुर्कस्तान या चार देशांत ४९४९ निरोगी मुलांचे १०६ टप्पे तपासले. त्यांपैकी ८१ टप्प्यांचे वय चारही देशांत सारखेच होते. खेळण्याचे सगळे टप्पे सारखे. बोलण्याच्या २६ टप्प्यांपैकी २० सारखे. फरक उठून दिसला तो स्वतःच्या हाताने जेवणे, कपडे काढणे अशा स्वावलंबनाच्या टप्प्यांत. तिथे नऊपैकी फक्त दोन सारखे निघाले.

संस्कृती कुठे हात घालते हे त्यामुळे कळते. आमच्याकडे आजी चार वर्षांच्या नातवाला मांडीवर घेऊन भरवते. त्याला चमच्याने खाता येत नाही यावरून त्याच्या हाताविषयी काहीच कळत नाही. आजीच्या मायेविषयी मात्र कळते. तो प्रश्न विचारूच नये, किंवा दुसरा विचारावा: ताटातला चुरमुरा चिमटीत उचलतो का? पण खोटे-खोटे स्वयंपाक करणे, बोट दाखवून ‘ते बघ’ सुचवणे, सांगितलेले समजणे या गोष्टी जगभर एकाच सुमारास येतात. त्या आल्या नाहीत तर ‘आमच्याकडे असंच असतं’ हे उत्तर चालत नाही. सव्वातीन वर्षांचे मूल दोनच शब्द बोलते, ही कोणत्याही गावची रीत नाही.

म्हणून सांस्कृतिक संवेदनशीलतेवर माझी टीका दुहेरी आहे. जिथे तिची गरज आहे तिथे आपण ती चित्रांपुरती ठेवतो. आणि जिथे तिचा संबंध नाही तिथे तिच्या आडून वाट पाहत बसतो.

एक अपवाद नोंदवायला हवा. ‘दोन शब्द बोलते’ असे विचारताना कोणत्या भाषेतले, हे विचारले पाहिजे. सोलापूर जिल्ह्यात घरी कैकाडी, वडारी, तेलुगू, कन्नड बोलणारी आणि अंगणवाडीत मराठी ऐकणारी मुले आहेत. त्यांचे दोन्हीकडचे शब्द एकत्र मोजायचे. दोन भाषांनी मूल मुके होत नाही. मराठी न येणे हा विकासातला दोषही नव्हे.

घरी जाणारी मदत

एर्तेम यांच्या पद्धतीत आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथे ‘हो-नाही’चे प्रश्न नसतात. मूल तुमचे लक्ष कसे वेधते, खेळते कसे, तुम्हाला कसली काळजी वाटते, असे मोकळे प्रश्न आईला विचारतात आणि तिच्या सांगण्यातून टप्पे टिपतात. आमच्या वहिनीला कोणी ‘वळतो का?’ऐवजी ‘पाठीमागून हळूच हाक मारली तर काय करतो?’ असे विचारले असते तर ती थबकली असती. नंतर तिने मला सांगितले, ‘‘मला वाटायचं कधीकधी. पण कुणी विचारलंच नाही.’’

निदानानंतरची मदतही याच कसोटीवर पाहावी. श्रवणयंत्र मिळाल्यावर सल्ला मिळाला: रोज एक तास समोर बसून चित्रांचे पुस्तक वाचा. सल्ला चुकीचा नव्हता. पण आषाढीच्या महिन्यात त्या घरात मोकळा तास आणि शांत खोली कुठून आणायची? यंत्र बोलण्याबरोबर रस्त्यावरचा गलकाही मोठा करते. शेवटी घरातल्यांनीच मार्ग काढला. दुकान उघडण्याआधी, सकाळच्या शांत वेळी, आई त्याला हातभर अंतरावर बसवून माळा लावते. ‘लांब माळ. आखूड माळ. ही तुझी माळ.’ तेच शब्द रोज, त्याच वस्तूंसह, तोंड दिसेल असे. काकू आरतीच्या वेळी पितळी घंटा बाजूला ठेवते आणि आधी शब्द म्हणते. हे सगळे भाषाशिक्षणच आहे. फक्त त्यासाठी घराला वेगळे घर व्हावे लागले नाही.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज या गावी अशाच विचारातून एक कार्यक्रम सुरू झाला. भाग ग्रामीण, घरे दूरदूर, मुलांना केंद्रात आणणे कठीण. म्हणून कार्यकर्ती आठवड्यातून एकदा घरी जाई आणि आईच शिक्षिका होई. पुढे हा कार्यक्रम अनेक देशांत गेला, भारतातही आला. त्याच्याबरोबर ५८० वर्तनांची यादीही गेली. खरे तर घेण्यासारखे होते ते घरी जाणे. यादी ज्याने त्याने आपल्या घरातून काढायची असते.

आपल्या भागाला ही कल्पना परकी नाही. हातापायांनी अधू असलेले संत कूर्मदास पैठणहून सरपटत पंढरीला निघाले, माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत आले आणि पुढे येणे अशक्य झाले तेव्हा विठोबाच त्यांना भेटायला लऊळला गेला, अशी आख्यायिका आहे. कीर्तनात ती भक्तीची कथा म्हणून सांगतात. मला तीत एक व्यवहार दिसतो: ज्याला पोचता येत नाही त्याच्याकडे आपण जायचे. अपंगत्व म्हणजे प्रारब्ध, ग्रहण, कुणाची तरी नजर, अशा समजुती गावात आहेत. त्यांची टिंगल केली तर आई बोलणे बंद करते. तिचा नवस तिच्याजवळ राहू द्यावा आणि तपासणीची तारीखही द्यावी. मात्र ‘तुझ्या हातून काही चुकलेलं नाही’ हे तिला सासूसमोर, स्पष्ट शब्दांत सांगावे. ही समजूत मऊ भाषेत झाकण्यासारखी नाही.

२०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात आणि गरज असलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाड्यांना वेगळी कार्यपद्धतीही घालून दिली. चौकट चांगली आहे. पण पथक येते त्या दिवशी कोयत्यावर गेलेल्या कुटुंबाचे मूल उसाच्या फडात असते. वारीच्या दिवसांत पंढरपूरचे घर कोणालाच वेळ देऊ शकत नाही. तपासणीचे वेळापत्रक गावाच्या पंचांगाशी जुळवणे, हेही रूपांतरच.

शिक्षक यात कुठे येतात?

आपल्याकडे मुले सहाव्या वर्षी येतात, तोवर ही वेळ निघून गेलेली असते, असे आपण म्हणाल. पण आपल्या पाचवी-सहावीच्या वर्गात ज्या मुली उशिरा येतात त्यांतल्या कित्येक जणी धाकट्या भावंडाला सांभाळून येतात. ते भावंड काय करते, काय करत नाही, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. १९७९च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षाच्या निमित्ताने लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘चाइल्ड टु चाइल्ड’ या उपक्रमाचा पाया हाच होता.

विज्ञानाच्या तासाला ध्वनीचा पाठ शिकवताना एक गृहपाठ द्या. घरातले किंवा शेजारचे बाळ आईकडे पाहत नसताना, मागून, वस्तू न वाजवता, हालचाल न दाखवता, हळू आवाजात नाव घ्यायचे. ते काय करते ते लिहून आणायचे. ही तपासणी नव्हे, निरीक्षण आहे. वहीवर कोणाच्या भावंडाला नाव ठेवायचे नाही की वर्गात वाचून दाखवायचे नाही. एखादी नोंद खटकली तर आईला भेटायचे आणि अंगणवाडीताईंना सांगायचे. वर्षाचे मूल बोट दाखवत नसेल, टाटा करत नसेल, सोळा महिन्यांचे एकही शब्द बोलत नसेल, अठरा महिन्यांचे चालत नसेल, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात गेले असतील, तर थांबू नका. तपासणीत काही निघाले नाही तर एक दिवस गेला, एवढेच.

आमचा मुलगा आता पहिलीत आहे. यंत्र लावून जातो. ‘स’ अजून नीट येत नाही, वाक्ये तुटक येतात, पण भांडतो मात्र पूर्ण वाक्यात. त्याच्या बाईंनी त्याला पंख्यापासून दूर, पहिल्या बाकावर बसवले आहे आणि फळ्याकडे तोंड करून बोलायचे त्या कटाक्षाने टाळतात. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. त्यांनी त्याच्या आईला एवढेच विचारले होते, ‘‘घरी तुम्ही याच्याशी कसं बोलता?’’

आपल्या वर्गात हा गृहपाठ करून पाहिलात तर काय आढळले ते जरूर लिहून कळवा. मुलांची नावे न लिहिता.